एका हाकेला ओ

आमच्या मालवणकडे तिन्हीसांजेला एका हाकेला ओ देत नाहीत. दिवे लागायच्या वेळी दारामागून कोणी तुमचं नाव घेतलं आणि घेणारा दिसत नसला, तर गप्प राहायचं. जिवंत माणूस पुन्हा हाक मारतो. दुसरं जे काही असेल ते एकदाच मारतं, आणि तुम्ही ओ दिलीत की गेलात त्याच्याबरोबर. आई हे आम्हा भावंडांना सारखं बजावायची. मी मुलुंडला एकटी राहणारी, इन्शुरन्सच्या ऑफिसात मॅनेजरला तोंडावर सुनावणारी बाई. मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. माझा मोठा भाऊ चंद्रप्रकाश, माझा दादा, तोही घालत नसे. त्याची बायको रत्नप्रभा मात्र मानायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण यावरच आहे.

दादा-वहिनीचं घर कांदिवलीला, चारकोपमध्ये. बैठं घर, मागे भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा, जेमतेम एक खाट मावेल एवढी. रिटायर झाल्यावर दादाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, गोराईहून बदकाची चार पिल्लं घेऊन आला. मिठाईच्या खोक्याला भोकं पाडून. लहानपणी गावी आमची बदकं होती, तेवढंच निमित्त. मला फोन लावून त्यांची चिवचिव ऐकवली. मी म्हटलं, "दादा, आता हेच बाकी राहिलं होतं." तो हसला. त्याचा आवाज मुळात बसका, हसला की नुसती हवा यायची. पुढच्याच आठवड्यात, त्या पिल्लांच्या टबातलं पाणी बदलता बदलता, तो गेला. हार्ट. वहिनीने देवापाशी दिवा लावला, भाकऱ्या टाकल्या, जेवायला बोलवायला मागे गेली, तेव्हा तो टबाशेजारी पडलेला होता. पाइप तसाच वाहत होता.

मूलबाळ नाही त्यांना. तेरावं झालं, पाहुणे पांगले. माझं मार्च एंडिंग डोक्यावर. मी रोज फोन करायचे, वहिनी म्हणायची, "बरा आसा गो," आणि मी ते खरं धरायचे. सवड काढून एका रविवारी गेले तर घरात शिरताच जीव गलबलला. वहिनी वाळून काडी झाली होती. आणि मागे गेले तर बदकं ही फुगलेली. चारही जणं मला बघून डुलत डुलत पायाशी आली. पिवळी लव जाऊन पांढरी पिसं फुटत होती. सगळ्यांच्या पुढे जो आला त्याचा डावा पंख मिटलेलाच नव्हता. टोकाकडून बाहेर वळून कमरेवर हात ठेवलेल्या माणसाच्या कोपरासारखा अंगापासून लांब उभा राहिला होता. पिसांच्या जाड निळसर नळ्या लोंबत होत्या.

"वहिनी, याच्या पंखाला काय झालं?"

"पंख फुटतत गो तेका. दुसरा काय."

"पंख फुटणं असलं नसतं. बाकीच्यांचे बघ की."

तिने बघितलंच नाही. तेवढ्यात तोच वाकड्या पंखाचा नर ओरडला. पिल्लांची चिवचिव जाऊन त्याचा आवाज फुटत होता, घोगरा, बसका, नुसती हवा निघावी तसा. खोटं कशाला बोलू, दादाच घसा साफ करतोय असं वाटलं. वहिनी लगेच उठली, आत गेली आणि दुधात भिजवलेल्या पावाची वाटी घेऊन आली. तो हावरटासारखा गिळत सुटला. थोड्या वेळाने पुन्हा ओरडला, पुन्हा वाटी. मग शेंगदाणे. मग उकडलेलं अंडं. मी तासभर बघत होते. ते ओरडायचं आणि ही उठायची.

"अगं, किती वेळा देतेस?"

"बोलवतत ती माका. बोलावल्यार गप कसा रवाचा?"

मला दादाची म्हणून एवढीच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर वाकडी होत होती. मी वहिनीचं काही ऐकलं नाही. सोमवारची रजा टाकली, बदकाला पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलं आणि रिक्षाने बोरिवलीला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे गेले. वहिनीला ओढूनच नेलं.

डॉक्टर म्हणजे गंधाली नावाची तिशीची मुलगी. तिने बदकाला काखेत धरलं, पंख बोटांनी चाचपला आणि विचारलं, "काकू, याला खायला काय देता?"

वहिनीने सांगितलं. पाव, भात, शेंगदाणे, अंडं.

"किती वेळा?"

"बोलवतत तेव्हा."

"तिथेच घोळ आहे," गंधाली म्हणाली. "वाढत्या बदकाला गरजेपेक्षा जास्त आणि असलं जड खायला मिळालं की पिसं भराभर येतात. हाड मागे राहतं. या नळ्या दिसतात ना, त्यांत रक्त भरलेलं असतं, वजन असतं त्यांना. मनगटाचा सांधा अजून मऊ आहे. त्याला तो भार पेलत नाही, मग तो बाहेर वळतो."

"नीट होईल?" मी विचारलं.

"हाड कोवळं आहे तोवर होईल. एकदा पक्कं झालं की मग पट्टी बांधा नाहीतर देव पाण्यात ठेवा, पंख तसाच राहणार. आठवडाभरात कळेल."

तिने मला करून दाखवलं. पंख बदक स्वतः मिटेल तसा मिटायचा, पिसं एकाखाली एक नीट बसवायची, आणि स्वतःलाच चिकटणारी, पिसांना न चिकटणारी पट्टी त्या पंखाभोवती गुंडाळायची. अंगाभोवती नाही. आत बोट जाईल एवढी सैल, नाहीतर रक्त थांबतं. रोज सोडायची, पंख ताणू द्यायचा, पुन्हा बांधायची. खाणं बदकांचं मिळतं तेच, ते सकाळ-संध्याकाळ. मध्ये हिरवा पाला, पालक, दुधीची सालं बारीक चिरून. पाण्यात घालायला व्हिटॅमिनचे थेंब दिले. पाणी भरपूर, चालणं भरपूर. बाकीच्या तिघांनाही हेच, म्हणजे त्यांचे पंख वळायची वेळच येणार नाही. "आणि ओरडली म्हणून द्यायचं नाही," ती म्हणाली. "बदकं ओरडतातच."

"हाक मारली तरी?" वहिनीने विचारलं.

गंधालीला गंमत वाटली. "तरी," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी मागे स्टुलावर बसले, बदकाला मांडीवर घेतलं आणि पट्टी बांधायला लागले, तर तिने माझा हात धरला.

"बांधू नको तेचो हात."

"पंख, वहिनी."

"हातच तो. डावोच. तुका आठवत नाय? तसोच होतो हेंचो."

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं. दादा पडला होता तो डाव्या कुशीवर, आणि डावा हात मागे वळून दाराकडे गेलेला. आम्ही पोचेपर्यंत तो ताठ झाला होता. तिरडीवर ठेवताना गल्लीतल्या माणसांनी दाबून दाबून अंगालगत आणला आणि सुतळीने बांधला, तरी तो सुटून पुन्हा बाहेर आला होता. तेव्हा वहिनी नुसती बघत होती.

"ते आसत गो ह्यात," ती म्हणाली. "आवाज आयक."

मी तिचा हात झटकला आणि पट्टी बांधली. घट्ट होत होती, म्हणून दोनदा सोडून बांधावी लागली. "बदक आहे ते," मी म्हटलं. "आणि तुझ्या पावाने पांगळं होतंय." वहिनी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मी ऑफिसात फोन करून रजा वाढवली. मॅनेजरने कारण विचारलं, बदकाचा पंख म्हटलं, तो समजला मी चेष्टा करते. समजू दे. पाव मी डब्यासकट शेजारच्या सुंदराबाईंकडे नेऊन ठेवला. दुसरा दिवस बरा गेला. पालक चिरला, टब धुतला, चौघांना बाहेर गल्लीत फिरवून आणलं. संध्याकाळी मी आत कपड्यांच्या घड्या करत होते. मागून बदकाचा तो बसका आवाज आला. मी लक्ष दिलं नाही. जरा वेळाने गेले तर वहिनी टबाशी उकिडवी बसलेली, मांडीवर पातेलं, आणि बदकाच्या चोचीला, पट्टीला, सगळीकडे दूधभात लागलेला.

माझं डोकंच फिरलं. "वाट लावायचीय का त्याची? सांगून ठेवलंय ना डॉक्टरने? काय समजत नाही तुला?"

वहिनी पातेल्याकडे बघत म्हणाली, "हेंनी माका हाक मारल्यानी, शुभा."

"कोणी?"

"त्या दिवशी. मी दिवो लावी होतंय. मागसून हाक इली, 'रत्ना'. एकदाच. मी ओ देवक नाय."

मी तिच्या मांडीवरचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं.

"तिन्हीसांज होती. दिसत तर कोण नव्हता. दुसऱ्या हाकेची वाट बघत रवलंय. ती इलीच नाय. मगे म्हटलंय, ओ देवक नाय ता बरा झाला. आणि भाकऱ्यो टाकूक बसलंय." तिने बदकाच्या पाठीवरून हात फिरवला. "आता हाक इली की माका रवाक जमत नाय."

मला काय झालं ते सांगते. मला तिचा राग आला. इतका, की कानशिलं तापली. माझा भाऊ त्या फरशीवर पडून हिला बोलावत होता आणि ही आत बसून भुताखेताचा हिशोब करत होती, भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "तू मारलंस माझ्या भावाला." असंच म्हटलं, या शब्दांत. वहिनीने मान डोलावली, जणू मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. मग मी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

मुलुंडला निघून जायचं असंच ठरवलं होतं. मार्केटपर्यंत गेले, भाजीवाल्यांच्या गाड्यांमधून नुसती फिरले, रडले असेन बहुतेक, कारण एका बाईने सरबताचा ग्लास पुढे केला. मग आठवलं, पट्टी ओली आहे. दूधभाताने भिजलेली पट्टी तशीच राहिली तर कातडी सडेल. परत गेले. वहिनीशी न बोलता पट्टी बदलली.

त्यानंतरचे दिवस आम्ही त्या दोन खोल्यांत एकमेकींना चुकवत काढले. ती पोळी करायची, मी ताट वाढून घ्यायचे. पण दूधभात पुन्हा दिसला नाही. हाक आली की वहिनी पदराचं टोक मुठीत धरून बसायची. नखं रुतायची तिच्या तळव्यात, मी पाहिलंय. मला कणव आली नाही. मनात म्हटलं, आता कळू दे.

पट्टी सोडली की मी पंख बघायचे. पहिल्यांदा सोडला तेव्हा तो लगेच बाहेर गेला, आणि वहिनी तोंड फिरवून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी जरा रेंगाळून गेला. त्याच्यानंतर मला कळेना, खरंच फरक आहे की मला हवा म्हणून दिसतोय. बदकाला पट्टीचं काही नव्हतं. एका बाजूला झुकत पालक खायचं आणि माझ्या बोटांना चावायचं.

मग ती संध्याकाळ आली. वहिनी आत देवापाशी होती, काडी ओढल्याचा आवाज मी ऐकला. बदकांना त्यांच्या खोक्यात घालून मी वर जाळी टाकली होती. चौघं एकमेकांच्या अंगात तोंड खुपसून झोपलेली. मी टब उपडा करून घासत होते, पाठ भिंतीकडे. उजेड गेलेला आणि पलीकडच्या घरातले दिवे अजून लागलेले नाहीत, अशी वेळ.

"शुबे."

माझ्या पाठीमागून. भिंत आणि माझ्यामध्ये जिथे दादा पडला होता तिथून. बसका आवाज, अर्धी हवा. मला शुबे म्हणणारा माणूस जगात एकच होता.

माझा हात टबावर तसाच राहिला. ओ द्यावी असं वाटलं, अगदी घशापर्यंत आली. पण तोंड उघडेना. मी वाट बघत होते. कसली, ते मला माहीत होतं. दुसऱ्या हाकेची. माझ्या आईने लावलेली कडी माझ्या जिभेला इतकी वर्षं तशीच होती, आणि मला वाटत होतं मी ती कधीच काढून टाकली. नळातून पाण्याचे थेंब पडत राहिले. हाक पुन्हा आली नाही.

मी वळून पाहिलं. ओली फरशी आणि पाइप. खोक्यातली बदकं झोपेतून हललीसुद्धा नव्हती.

"ओ," मी म्हटलं. "दादा, ओ." कोणी नव्हतं.

दारात वहिनी उभी होती, हातात जळती काडी तशीच. ती बोटापर्यंत आली तेव्हा तिने टाकली.

"मी पण मागसून दिलंय," ती म्हणाली. "भाकरी तव्यार टाकून. मोठ्यान दिलंय. तवसर उशीर झालो होतो."

मी त्या ओल्या फरशीवर खाली बसले आणि मोठ्याने रडले. ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला म्हटलं, "वहिनी, मी बोलले ते मागे घेते." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "घेव नको. खराच ता." मी म्हटलं, "मग मीही तेच केलं आत्ता." तिने हात काढला नाही.

आठवड्याच्या शेवटी गंधालीने सांगितल्याप्रमाणे पट्टी सोडली ती पुन्हा बांधलीच नाही. बदकाने उभं राहून दोन्ही पंख फडफडवले, पाण्याचे शिंतोडे आमच्या तोंडावर उडवले आणि पंख मिटले. उजवा मिटला. डावा मिटला. टोकाची दोन पिसं जरा वर राहिली, ती राहतील असं गंधालीच फोनवर म्हणाली होती. वहिनी कितीतरी वेळ त्या पंखाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बसलो हात."

मी मुलुंडला निघाले होते, पिशवी भरून दारात ठेवलेली. वहिनीने चहा टाकला म्हणून थांबले. चहा होईस्तोवर उजेड गेला. आम्ही दोघी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर कप घेऊन बसलो.

टबाच्या बाजूने हाक आली. बसकी, एकदाच. नाव नव्हतं तिच्यात, किंवा होतं आणि आम्हाला उमगलं नाही. बदक असेल. खोक्याकडे मी पाहिलं नाही, वहिनीनेही नाही. तिचा हात सवयीने पदराकडे गेला, आणि मी तो धरला.

"दुसरीची वाट बघू नको," मी म्हटलं.

"ओ," वहिनी म्हणाली. तिच्या मागोमाग मीही म्हटलं. आवाज फारसा निघाला नाही आमचा, पण दिली. मग आम्ही तिथेच बसून राहिलो. कोणी उठलं नाही, आणि कोणी काही खायला मागितलं नाही.